चिमासाहेब महाराज आणि सत्तावन्नचे कोल्हापूर : एका वारसाफेरीचे परीक्षण

कोल्हापुरात येणारा पाहुणा अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, नवा राजवाडा आणि पन्हाळा असा ठरलेला फेरा करून परततो. शाहू महाराजांच्या आधीचे आणि ताराराणींच्या नंतरचे कोल्हापूर या फेऱ्यात जवळजवळ कुठेच येत नाही. ही उणीव ओळखून शहरातील एका लहान अभ्यासमंडळाने १८५७ च्या उठावावर आणि त्या उठावापायी कराचीला धाडल्या गेलेल्या चिमासाहेब महाराजांवर एक सशुल्क पायी फेरी सुरू केली आहे. रविवारी सकाळी निघणारी, साधारण तीन तास चालणारी आणि माणशी चारशे रुपये घेणारी ही फेरी मी नुकतीच केली. तिच्यात सांगितला जाणारा इतिहास, तो सांगण्याची रीत आणि आलेल्या माणसांची ठेवलेली व्यवस्था या तिन्ही गोष्टींचा विचार करून हे परीक्षण लिहीत आहे. मंडळाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत आणि काम अजून नवे आहे.

प्रथम ज्यांच्यावर ही फेरी बेतली आहे त्यांच्याविषयी. चिमासाहेब हे कोल्हापूरचे छत्रपती शहाजी उर्फ बुवासाहेब महाराजांचे धाकटे चिरंजीव. १८३८ मध्ये बुवासाहेब वारले तेव्हा गादीवर बसलेले थोरले बंधू शिवाजी उर्फ बाबासाहेब आणि चिमासाहेब ही दोघेही लहान मुले होती. उठावाच्या वर्षी चिमासाहेबांनी पंचविशी नुकतीच ओलांडली होती. दरबारात मान होता, पण हाती अधिकार नव्हता. राज्य भावाच्या नावाने चालत होते आणि प्रत्यक्षात कंपनी सरकारचा पोलिटिकल सुपरिंटेंडेंट, म्हणजे संस्थानावर देखरेख करणारा इंग्रज अधिकारी, ते चालवीत होता. अशा तरुणाकडे असंतुष्ट माणसे का वळली हे समजून घ्यायचे असेल तर १८५७ च्या बरेच मागे जावे लागते, आणि या फेरीचे पहिले श्रेय असे की ती तसे मागे जाते.

सुरुवात सीपीआर रुग्णालयाजवळच्या चिमासाहेब महाराज चौकातून होते. कोल्हापूरकर या जागेला सर्रास सीपीआर चौक म्हणतात, त्यामुळे पत्ता विचारताना तेच नाव घ्यावे. मार्गदर्शन करणाऱ्या बाई इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांनी चौकात उभे राहून पहिलेच वाक्य असे उच्चारले, की इथे तुम्हांला जे जे दिसते आहे त्यातले काहीही चिमासाहेबांनी पाहिलेले नाही. ते अक्षरशः खरे आहे. समोरचे टाऊन हॉल १८७० च्या दशकातले आणि रुग्णालयाची जुनी इमारत त्यानंतरची. दोन्हींचा आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुशिल्पीचा असून नवा राजवाडाही त्याचाच. म्हणजे उठाव मोडून काढल्यानंतरच्या पाव शतकात ज्या दगडी, कमानदार, मनोऱ्यांच्या इमारतींनी कोल्हापूरला आजचा चेहरा दिला, त्यांच्या मधोमध त्या उठावातल्या हद्दपार राजपुत्राच्या नावाचा चौक आहे. बाईंनी हे सांगितले, त्यावर टाळ्यांसाठी थांबल्या नाहीत आणि लगेच १८४४ कडे वळल्या. इतका संयम अशा फेऱ्यांमध्ये मी क्वचितच पाहिला आहे.

१८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडाला फेरीत दिलेला वेळ काहींना जास्त वाटेल. आमच्या गटातील दोन तरुण तर उघडच कंटाळले होते. माझ्या मते मात्र संपूर्ण फेरीतला हाच सर्वांत भरीव भाग आहे. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड, रांगणा या किल्ल्यांवर पिढ्यान्‌पिढ्या गडकऱ्यांची कुटुंबे होती. किल्ल्याची राखण हे त्यांचे काम आणि त्याबद्दल मिळालेल्या जमिनी हा त्यांचा निर्वाह. महाराज अल्पवयीन असल्याचे निमित्त होऊन कंपनीने दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी म्हणून बसवले. त्यांनी महसुलाची नवी घडी घालायला घेतली, तेव्हा या जमिनी आणि त्यांच्यावरचा गडकऱ्यांचा स्वतंत्र ताबा धोक्यात आला. सामानगडाने दरवाजे लावून घेतले, पाठोपाठ भुदरगड उठला आणि बघता बघता बंड पन्हाळ्यापर्यंत पोहोचले. साताऱ्याच्या दरबारी असलेला कंपनीचा प्रतिनिधी (रेसिडेंट) कर्नल ओव्हन्स याला बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर डांबले होते, ही गोष्ट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती. ऑक्टोबरात सामानगड पडला, १ डिसेंबर १८४४ रोजी तट फोडून पन्हाळा घेतला गेला, आणि त्यानंतर गडकऱ्यांची वंशपरंपरागत चाकरी कायमची बंद झाली, किल्ल्यांची तटबंदी पाडली गेली, आणि मोहिमेचा खर्च कोल्हापूर संस्थानाच्याच डोक्यावर बसवण्यात आला.

हा शेवटचा मुद्दा बाईंनी ठसवून सांगितला आणि तो तसा सांगायलाच हवा. ज्यांची रोजी गेली ती माणसे हवेत विरून जात नाहीत. ती गावोगाव परतली, हत्यारे घरात ठेवून राहिली आणि तेरा वर्षांनी पलटणीतल्या शिपायांनी बंड केले तेव्हा त्यांच्याविषयी सहानुभूती बाळगणारा, सल जपून ठेवलेला मोठा वर्ग राज्यात आधीच तयार होता. काडतुसांच्या चरबीची गोष्ट महाराष्ट्रात शाळेपासून सर्वांना पाठ असते. पण कोल्हापूरचा सत्तावन्न समजायला काडतुसापेक्षा सामानगड अधिक उपयोगी पडतो, आणि ही फेरी तो धागा हातात देते.

तेथून गट टाऊन हॉलच्या बागेत जातो आणि इथे ३१ जुलैची रात्र सांगितली जाते. मुंबई लष्कराची सत्ताविसावी नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे हिंदी शिपायांची पायदळ पलटण, तेव्हा कोल्हापुरात होती. ऐन पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी रामजी शिरसाट यांच्या पुढाकाराने तिच्यातील शिपाई उठले, खजिना लुटला गेला आणि पळून जाणारे तीन तरुण इंग्रज अधिकारी पुढे मारले गेले. शिपाई शहराकडे आले तर वेशी बंद. मग काही जण सह्याद्रीच्या आणि कोकणाच्या दिशेने गेले आणि काहींनी शहराजवळच्या एका पागेचा, म्हणजे घोड्यांच्या भक्कम तबेल्याचा, आश्रय घेऊन ती लढवायचे ठरवले. साताऱ्याहून भर पावसात, दुथडी भरलेल्या नद्या ओलांडत सदर्न मराठा हॉर्सचे घोडेस्वार घेऊन आलेला लेफ्टनंट विल्यम केर या पागेचा दरवाजा फोडून आत घुसला आणि आतले शिपाई मारले तरी गेले किंवा पकडले तरी गेले.

या प्रसंगाची मांडणी मला विशेष आवडली, कारण तिथे बाईंनी एक कागद वाचायला दिला. लेफ्टनंट केर याला या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. त्या पदकाच्या सरकारी नोंदीची प्रत प्रत्येकाच्या हातात देऊन त्यांनी तारीख पाहायला सांगितली. नोंदीत तारीख १० जुलै १८५७ अशी आहे, म्हणजे बंड होण्याच्या तीन आठवडे आधीच बंड मोडल्याचे शौर्य गाजले आहे. प्रत्यक्षात ती ऑगस्टातील घटना. सरकारी कागद म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे हे शिकवायला यापेक्षा चांगला नमुना सापडणे कठीण. पुढे त्यांनी गणपतराव देवकर या स्वाराचे नाव घेतले, जो पागेच्या दारात केरच्या बरोबर होता आणि ज्याने त्याचा जीव वाचवला असे इंग्रजी हकीकतींतच लिहिले आहे. त्या काळी हे पदक हिंदी शिपायाला मिळूच शकत नव्हते, ती मुभा १९११ मध्ये आली. पागेच्या आत मराठे, बाहेर दार फोडणारेही मराठे. कोल्हापूरच्या उठावाची ही गुंतागुंत लपवून फेरी अधिक जोशपूर्ण करता आली असती. मंडळाने तसे केले नाही, याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक.

यानंतर बिंदू चौक. इथे जुन्या तटाचा उरलेला भाग आहे आणि शहराला एके काळी तट, खंदक आणि वेशी होत्या हे डोळ्यांना पटते. गंगावेस, रंकाळावेस ही नावे रोज बसच्या पाटीवर वाचणाऱ्या माणसालाही ते अन्यथा खरे वाटत नाही. डिसेंबरचा प्रसंग सांगायला हीच जागा निवडली आहे आणि निवड योग्य आहे. ऑगस्टमध्ये कर्नल जॉर्ज ले ग्रँड जेकब याने कोल्हापुरात येऊन पलटणीची हत्यारे काढून घेतली आणि लष्करी न्यायालय बसवून शिक्षा दिल्या, तेव्हा प्रकरण संपले असे इंग्रजांना वाटले. ते संपले नव्हते. ६ डिसेंबरच्या सुमारास शहरातल्या माणसांनी स्वतःच वेशी लावून घेतल्या. पलटणीचा यात काही भाग नव्हता, हा कोल्हापूरकरांचा उठाव होता. जेकबने छावणीतून फौज आणून वेशीचा दरवाजा फोडला, शहरात शिरला, आणि तिथल्या तिथे चौकशीचा देखावा करून छत्तीस जणांना देहान्त शासन दिले.

साताऱ्याला त्याच वर्षी ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना मारले होते आणि रंगो बापूजी गुप्त्यांचा मुलगा त्यांत होता, हे महाराष्ट्रात बऱ्यापैकी माहीत आहे. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांची फाशीही ठाऊक असते. कोल्हापूरचे हे छत्तीस मात्र कोल्हापुरातही फारसे कोणाच्या बोलण्यात नसतात. बिंदू चौकात भाजीपाल्याच्या गाड्या आणि रिक्षांच्या गर्दीत उभे राहून हा आकडा ऐकताना गटातील एक गृहस्थ, जे या शहरात जन्मापासून राहत होते, इतके अस्वस्थ झाले की बाईंना पुढचा मुद्दा काही वेळ लांबणीवर टाकावा लागला.

आता चिमासाहेब. इथेच फेरीची कसोटी होती आणि इथेच ती थोडी डगमगते.

त्यांनी प्रत्यक्ष काय केले, याविषयी आपल्यापर्यंत आलेले बरेचसे ज्ञान त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या आणि त्यांना पकडणाऱ्या माणसांच्या लेखणीतून आलेले आहे. जेकबने उतारवयात आठवणी लिहिल्या. धाकटा भाऊ तडफदार, थोरला सौम्य आणि इंग्रजांच्या सांगण्यात राहणारा, अशी जी जोडी आपण आज सहज गृहीत धरतो, तिचा उगम अशा लेखनात आहे. कटाचे धागे चिमासाहेबांपर्यंत पोहोचतात असा संशय इंग्रजांनी धरला, १८५८ मध्ये त्यांना राजधानीतून हलवले आणि समुद्रमार्गे कराचीला नेऊन राजबंदी म्हणून ठेवले. उघड खटला चालवून पुरावा मांडण्यापेक्षा छत्रपतींच्या सख्ख्या घरातला माणूस गुपचूप दूर नेणे सरकारला सोयीचे होते. भरचौकात खटला भरला असता तर शहर पुन्हा पेटण्याची भीती होती. बाईंनी भवानी मंडपाच्या आवारात, जुन्या राजवाड्यासमोर हे सगळे नीट उलगडून सांगितले. कोणते विधान कोणाच्या कागदावरून घेतले आहे हे त्या प्रत्येक वेळी स्वच्छ सांगत होत्या आणि एका श्रोत्याने "म्हणजे महाराज लढले की नाही?" असे थेट विचारले तेव्हा त्यांनी उत्तर दिले, "दादा, तलवार घेऊन उभे राहिल्याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण ज्याला सरकार इतके घाबरले तो माणूस घरात गप्प बसला होता असेही मी म्हणणार नाही." यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला सुचत नाही.

मग एवढ्या चांगल्या निवेदनानंतर मंडळाने एक ध्वनिमुद्रित नाट्यप्रवेश ऐकवण्याचा घाट का घालावा? मोबाइलला जोडलेल्या छोट्या पेटीतून आधी घोड्यांच्या टापा, मग विजांचा कडकडाट, मग एक खर्जातला पुरुषी आवाज, आणि लखनौहून चिमासाहेबांकडे गुप्तपणे आलेल्या तलवारीची कहाणी. ही कहाणी प्रचलित आहे आणि ती सांगायला माझी हरकत नाही. पण दहा मिनिटांपूर्वी ज्या बाईंनी पुरावा आणि आख्यायिका यांतला फरक समजावून दिला, त्यांच्याच फेरीत ती कहाणी संवादांसह, जणू मागे लपून कोणी लिहून घेतल्यासारखी ऐकवली जाते, तेव्हा आधीच्या मेहनतीवर पाणी पडते. गणेशोत्सवाच्या देखाव्यात असा प्रवेश शोभला असता. शिवाय नगारखान्यासमोर सकाळी दर्शनाला जाणाऱ्यांची वर्दळ असते आणि पेटीतून येणारा आवाज निम्म्यांना ऐकूही येत नाही. मंडळाने हा भाग काढून टाकावा असे मला स्पष्टपणे वाटते.

याच्या उलट, भवानी मंडपातच सांगितलेला पुढचा भाग फेरीतला सर्वांत मर्मभेदी आहे, आणि तो ऐकण्यासाठी तरी चारशे रुपये द्यावेत असे मी म्हणेन. उठावात इंग्रजांच्या बाजूला राहिलेल्या बाबासाहेब महाराजांशी १८६२ मध्ये नवा तह झाला, काही अधिकार परत मिळाले आणि दत्तक घेण्याची मान्यताही मिळाली. बाबासाहेब १८६६ मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा गादी त्यांनी दत्तक घेतलेल्या राजाराम महाराजांकडे गेली. त्या क्षणी बुवासाहेबांचा सख्खा मुलगा, छत्रपतींचा सख्खा रक्ताचा वारस, कराचीत जिवंत होता. आणखी तीन वर्षांनी, १८६९ मध्ये, तो तिथेच वारला. कोल्हापूर त्याला पुन्हा दिसले नाही. राजाराम महाराज पुढच्याच वर्षी युरोपच्या प्रवासातून परतताना फ्लॉरेन्सला वारले, आणि त्यांच्या पाठोपाठ दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज १८८३ च्या नाताळच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात, इंग्रज पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, कैदेतच गेले.

म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या अंतरात कोल्हापूरच्या राजघराण्यातील तीन तरुण पुरुष आपल्या शहरापासून दूर, एक सिंधच्या किनाऱ्यावर, एक इटलीत आणि एक नगरच्या किल्ल्यात मरण पावले. त्यानंतर १८८४ मध्ये कागलच्या घाटगे घराण्यातून जो नऊ वर्षांचा मुलगा दत्तक आणला गेला ते शाहू महाराज. शाहू महाराजांच्या मागची ही पार्श्वभूमी त्यांच्यावरील असंख्य भाषणांत मी कधी ऐकली नव्हती. बाईंनी ती अवघ्या काही वाक्यांत मांडली, एकही विशेषण न वापरता.

माझी एक मोठी असहमती मात्र नोंदवतो. थोरल्या बंधूंविषयी फेरीचा सूर अनुदार आहे. बाबासाहेबांना भित्रे आणि इंग्रजधार्जिणे ठरवून धाकट्या भावाची उंची वाढवण्याची गरज नव्हती. ज्याच्या लहानपणी किल्ल्यांचे तट पाडले गेले, ज्याच्या राज्यावर मोहिमेच्या खर्चाचे ओझे लादले गेले, ज्याच्या दारात जेकब तोफांनिशी उभा होता आणि ज्याला साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झालेली दिसत होती, त्याने राज्य टिकवण्याचा मार्ग निवडला, याला केवळ भ्याडपणा म्हणणे सोपे आहे. शिवाजी महाराजांच्या वंशाच्या दोन गाद्यांपैकी एक गेली होती आणि दुसरी राहिली, यात बाबासाहेबांच्या त्या निवडीचा वाटा आहे. दोन भावांनी एकाच संकटाला दिलेली ही दोन उत्तरे आहेत, आणि फेरीने ती शेजारी शेजारी ठेवली असती तर चिमासाहेब लहान झाले नसते. मी हे बाईंना बोलून दाखवले. त्यांनी मान डोलावली, पण मंडळातील एका तरुण कार्यकर्त्याचा चेहरा आंबट झाला.

फेरीचा शेवटचा टप्पा गंगावेशीतून पंचगंगा घाटाकडे जातो आणि तो खरे सांगायचे तर रेंगाळतो. तोवर उन्हे चढलेली असतात, गंगावेशीत दुधाचे कॅन, म्हशी आणि दुचाक्या यांतून वाट काढावी लागते आणि निवेदनात पूर्वीचा दम उरलेला नसतो. घाटावर पोहोचल्यावर सांगण्यासारखे नवे काही नाही. फक्त छायाचित्रांची सोय होते. हा टप्पा गाळून तोच वेळ टाऊन हॉलच्या संग्रहालयाला दिला तर बरे होईल. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती पाहिल्यावर कोल्हापूरचा समुद्रापलीकडच्या जगाशी संबंध किती जुना आहे हेही कळते. रविवारी संग्रहालय फेरीच्या वेळेआधी उघडत नसेल तर फेरी थोडी उशिरा सुरू करावी.

आता व्यवस्थेबद्दल. नोंदणी व्हॉट्सॲपवर होते आणि उत्तर लवकर मिळते, पैसे आदल्या दिवशी यूपीआयने द्यावे लागतात. गट वीस जणांपर्यंत मर्यादित ठेवू असे सांगितले होते, प्रत्यक्षात आम्ही त्याहून बरेच अधिक होतो, आणि सीपीआर चौकातल्या वाहनांच्या गोंगाटात मागे उभ्या असलेल्यांना पहिली पंधरा मिनिटे काहीच ऐकू आले नाही. बाईंना कमरेला लावायचा छोटा ध्वनिक्षेपक दिला तर ही अडचण सुटेल. त्यासाठी फार खर्च येत नाही आणि त्या नाट्यप्रवेशाच्या पेटीपेक्षा तो नक्कीच उपयोगी पडेल. वयस्कर माणसांसाठी वाटेत बसायला जागा फक्त टाऊन हॉलच्या बागेत आहे आणि स्वच्छतागृहाविषयी आधी काहीही कळवले जात नाही. चाकाच्या खुर्चीवरील व्यक्तीला बिंदू चौकापुढचा मार्ग झेपणारा नाही, हे मंडळाने नोंदणीच्या वेळीच सांगायला हवे. चहा फीमध्ये धरलेला आहे आणि तो चांगला होता.

शेवटी दिली जाणारी सोळा पानांची पुस्तिका संमिश्र आहे. मजकूर शुद्ध आणि सनावळी नेमकी आहे, १८४४ चे प्रकरण तर वेगळे काढून शाळांना वाटावे इतके चांगले लिहिले आहे. छपाई मात्र फिकी, आणि नकाशा कोल्हापूरच्या वेशींपाशीच थांबतो. ज्या माणसाच्या आयुष्याची शेवटची दहा-अकरा वर्षे कराचीत गेली त्याच्यावरील पुस्तिकेत कराचीचा नकाशा नसावा हे खटकते. मागच्या पानावर जाहिराती छापण्याऐवजी तो देता आला असता. चिमासाहेबांच्या बंदिवासाच्या काळात सिंधचा कमिशनर आधी बार्टल फ्रिअर होता, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. एवढ्या एका तपशिलानेही कोल्हापूर, कराची आणि मुंबई या तीन ठिकाणांना जोडणारी कारभाराची साखळी वाचकाच्या लक्षात आली असती.

कोणी जावे? इतिहासाची गोडी असलेल्या आणि उन्हात उभे राहण्याची तयारी असलेल्या कोणीही. दहा वर्षांखालील मुलांना नेऊ नये, १८४४ पर्यंतच ती बेजार होतील. शिक्षकांनी आवर्जून जावे. पुण्या-मुंबईहून केवळ या फेरीसाठी यावे असे मी म्हणणार नाही, पण कोल्हापुरात शनिवार-रविवार मुक्काम असेल तर दर्शनानंतरची सकाळ इथे खर्च करावी.

मंडळ जादा पैसे घेऊन दुपारी पन्हाळ्याची जोडफेरीही करते, आणि तिथे १८४४ मध्ये पाडलेल्या चार दरवाजाची जागा दाखवते. ती मी केली नाही, परंतु सकाळी ऐकलेले सगळे डोक्यात ताजे असताना ती जागा पाहणे योग्य ठरेल असे वाटते. पावसाळ्यात मात्र पन्हाळ्यावर धुके इतके दाट असते की दोन हातांवरचे दिसत नाही, तेव्हा जोडफेरी करायची असल्यास दिवाळीनंतरची तारीख मागून घ्यावी आणि नोंदणी करताना गटात किती जण असतील हे एकदा लेखी विचारून ठेवावे.